ऑटोमॅटिक गाडीच्या फायनल ड्राइव्हचे ऑईल: बदलण्याचा योग्य क्रम आणि वारंवार होणाऱ्या चुका

ऑटोमॅटिक गाडीच्या फायनल ड्राइव्हचे, म्हणजे गिअरबॉक्सकडून आलेली ताकद चाकांकडे पाठवणाऱ्या, गॅरेजमध्ये ज्याला क्राऊन-पिनियन किंवा नुसते हौसिंग म्हणतात त्या दातेरी चाकांच्या भागाचे, ऑईल बदलणे हे तसे अवघड काम नाही. तरीही सातारा-सांगली भागात या कामात त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होताना दिसतात. कुणी हौसिंगऐवजी गिअरबॉक्सचा बोल्ट उघडतो, कुणी ऑईल खाली सोडून मोकळा होतो आणि मग भरण्याचा बोल्ट हलत नाही म्हणून गाडी जागेवरच अडकते, तर कुणी डब्यावरचे लिटर मोजून ऑईल ओततो आणि पातळी पाहतच नाही. या तिन्ही चुकांचे मूळ कामाच्या क्रमात आहे, म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत आणि एका टप्प्याची खात्री पटल्याशिवाय पुढच्याला हात घालू नये.

टप्पा १: आपल्या गाडीत फायनल ड्राइव्ह कोठे आहे, हे आधी ठरवा

सर्वाधिक नुकसान याच टप्प्यावर होते, कारण अनेक जण हा टप्पाच वगळतात.

ज्या गाड्यांचे इंजिन आडवे बसवलेले असते आणि पुढची चाके गाडी ओढतात, त्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स आणि फायनल ड्राइव्ह एकाच कवचात असतात आणि दोघांना एकच ऑईल पुरते. क्रेटा, सेल्टॉस यांसारख्या आजच्या बहुसंख्य ऑटोमॅटिक गाड्या याच जातीच्या आहेत. अशा गाडीत फायनल ड्राइव्हचे ऑईल वेगळे बदलण्याचा प्रश्नच येत नाही; गिअरबॉक्सचे ऑईल बदलले की तेही बदलले जाते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांची गोष्ट निराळी. तेथे गिअरबॉक्स पुढे, त्याच्यामागे प्रोपेलर शाफ्ट (ताकद मागे नेणारा लांब दांडा) आणि मागच्या ॲक्सलच्या मधोमध फुगीर हौसिंगमध्ये फायनल ड्राइव्ह अशी रचना असते, आणि त्या हौसिंगचे ऑईल पूर्णपणे स्वतंत्र असते. फॉर्च्युनर आणि स्कॉर्पिओ-एन या अशा गाड्या आहेत.

नावावरून अंदाज बांधणे किती धोक्याचे असते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे इनोव्हा. इनोव्हा क्रिस्टा मागच्या चाकांवर चालते आणि तिला मागे स्वतंत्र हौसिंग आहे, तर इनोव्हा हायक्रॉस पुढच्या चाकांवर चालते आणि तिच्या मागच्या बाजूला क्राऊन-पिनियनच नाही. दोन्ही गाड्या एकाच गॅरेजात शेजारी उभ्या असतात आणि एकीला लागू असलेला सल्ला सहज दुसरीला दिला जातो.

फोर बाय फोर ऑटोमॅटिक असेल, तर मागचे हौसिंग, पुढचे हौसिंग आणि ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या व मागच्या चाकांत वाटणारा डबा) अशी गिअरबॉक्सखेरीज तीन ठिकाणे असतात, आणि तिन्हींसाठी एकच ऑईल चालेल असे गृहीत धरू नये. इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवलेल्या काही जर्मन गाड्यांत पुढचा फायनल ड्राइव्ह गिअरबॉक्सच्या कवचातच असतो, पण त्याचा कप्पा वेगळा असतो आणि त्यात वेगळे ऑईल असते. बाहेरून पाहताना एकाच कवचावर दोन-तीन बोल्ट दिसतात आणि नेमका कोणता कशाचा, हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील चित्राशिवाय सांगता येत नाही. अशी गाडी असेल तर मॅन्युअल हाती आल्याशिवाय पाना लावूच नये.

एएमटी गाडीबाबत एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. ती चालवायला ऑटोमॅटिक असली, तरी तिचा गिअरबॉक्स मूळचा मॅन्युअलच असतो आणि त्यात एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑईल) नव्हे, तर गिअर ऑईल लागते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या एएमटीत तेच फायनल ड्राइव्हलाही पुरते. ज्या एएमटीमध्ये क्लच आणि गिअर हायड्रॉलिक दाबाने हलवले जातात, तिच्या ॲक्ट्युएटरचे (ते हलवणाऱ्या यंत्रणेचे) ऑईल मात्र वेगळे असते आणि त्याची छोटी टाकी इंजिनाच्या कप्प्यात दिसते. तिच्यात गिअर ऑईल टाकणे म्हणजे यंत्रणा निकामी करणे होय.

यापुढील मजकूर मुख्यतः मागच्या स्वतंत्र हौसिंगसाठी आहे, कारण घरी किंवा गावातल्या गॅरेजात करण्यासारखे काम तेच आहे.

*तपासणी:* गाडीखाली टॉर्च घेऊन झोपा आणि प्रोपेलर शाफ्ट बोटाने दाखवत मागे जा. तो ज्या फुगीर भागात शिरतो, ते हौसिंग. त्यावर दोन बोल्ट दिसले पाहिजेत: एक तळाशी, निचऱ्याचा, दुसरा साधारण मध्यावर, भरण्याचा. दोन्हींवर खडूने खूण करा. शाफ्टच्या पुढच्या टोकाला, म्हणजे गिअरबॉक्सच्या चपट्या पॅनवर, जो बोल्ट दिसतो त्याला या कामात हात लावायचा नाही.

टप्पा २: ऑईलची निवड

मागच्या हौसिंगमध्ये पिनियन (शाफ्टच्या टोकाचे लहान दातेरी चाक) हा क्राऊनच्या (त्याने फिरणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाच्या) मध्यरेषेच्या खाली सरकवून बसवलेला असतो. अशा हायपॉइड दात्यांमध्ये दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर प्रचंड दाबाखाली एकमेकांवरून घसरतात. साध्या ऑईलचा थर त्या दाबाला टिकत नाही आणि धातूवर धातू घासू लागतो. त्यासाठी गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे मिसळलेले ऑईल लागते आणि त्याची प्रत एपीआय जीएल-५ अशी डब्यावर छापलेली असते. जुन्या गिअर ऑईलला येणारा उग्र वास याच गंधकाचा असतो.

दुकानदार “गिअर ऑईल म्हणजे गिअर ऑईल” म्हणून जीएल-४ चा डबा हातात देतो, तेव्हा तो परत करावा. जीएल-४ मध्ये ही द्रव्ये कमी असतात आणि हायपॉइड दात्यांना ती पुरत नाहीत. उलट, जीएल-५ सगळीकडे चालते हा समजही खरा नाही. जुन्या पद्धतीच्या मॅन्युअल गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर सहज पडावेत म्हणून असलेल्या कड्यांना) त्यातील गंधक त्रास देऊ शकते. आणि लाल एटीएफ हौसिंगमध्ये कधीही जाता कामा नये.

आता जाडी. मॅन्युअलमध्ये ७५डब्ल्यू-८५, ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-९० असे काहीतरी लिहिलेले असते आणि तेच घ्यावे. “आपल्याकडे ऊन जास्त, म्हणून जाड ऑईल घाला” हा सल्ला आटपाडी-जतच्या बाजूला फार ऐकू येतो. ज्या ॲक्सलसाठी कंपनीने ७५डब्ल्यू-८५ ची जाडी ठरवली आहे, तिचे बेअरिंग आणि ऑईलचे मार्ग त्या जाडीला धरूनच केलेले असतात. जाड ऑईल घातल्याने संरक्षण वाढेलच असे नाही. अंतर्गत ओढ मात्र नक्की वाढते. गिअर ऑईलचा ९० हा आकडा पाहून ते इंजिनाच्या ४० किंवा ५० नंबरच्या दुप्पट जाड आहे, असेही समजू नये. दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत आणि गरम असताना गिअर ऑईलचा ९० हा इंजिन ऑईलच्या ४० ते ५० च्या आसपासच असतो.

हौसिंगमध्येच डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, असते. ती एका चाकाचे घसरणे रोखणारी लिमिटेड स्लिप प्रकारची असेल, तर त्यातील क्लच प्लेटांसाठी फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण जुळवणारे द्रव्य) असलेले ऑईल लागते. मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल ही वेगळी यंत्रणा आहे. तिथे मॅन्युअलमध्ये सांगितल्याशिवाय कोणतेही बाटलीबंद मिश्रण स्वतःच्या मनाने घालू नये.

ऑईल किती लागेल, याचा आकडा मॅन्युअलमधून घ्यावा आणि त्याहून अर्धा लिटर जास्त आणावे. साधारणपणे हे प्रमाण दीड ते तीन लिटरच्या दरम्यान असते. ऐनवेळी कमी पडले म्हणून दुसऱ्या कंपनीचे, दुसऱ्या जाडीचे ऑईल वरून घालण्याची वेळ येऊ देऊ नये.

टप्पा ३: साहित्य आणि जागा

बोल्टला नेमका बसणारा पाना ही पहिली गरज आहे. काही हौसिंगला २४ चा षटकोनी बोल्ट असतो, काहींना १० ची ॲलन की लागते, तर काहींना अर्धा इंची रॅचेटचे चौकोनी टोक थेट बसते. षटकोनी बोल्टसाठी सहा कोनी बॉक्सच वापरावा. बारा कोनी बॉक्स किंवा शिफ्टिंग पाना घट्ट बोल्टचे कोपरे गोल करून टाकतो. त्याशिवाय दोन्ही बोल्टचे नवे वायसर, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना), पाच लिटरचे पसरट भांडे, ताराचा ब्रश, सुती कापड, हातमोजे, चष्मा, आणि ऑईल वर चढवण्यासाठी हातपंप किंवा नळी लावलेली मोठी सिरिंज एवढे साहित्य लागते. भरण्याचे भोक आडवे आणि अडचणीच्या जागी असल्याने डबा उलटा करून ऑईल आत जात नाही. पंप नसताना काम सुरू करणारा माणूस अर्धे ऑईल जमिनीवरच सांडतो.

जागा सपाट हवी. सर्व्हिसिंगचा खड्डा किंवा दोन्ही बाजूंनी सारखा उचलणारा लिफ्ट मिळाला तर उत्तम. वॉशिंग सेंटरचा उतरता रॅम्प या कामाला चालत नाही, कारण गाडी तिरकी राहिली की ऑईलची पातळी खोटी दिसते.

टप्पा ४: गाडी गरम करणे आणि सुरक्षित उभी करणे

थंड ऑईल घट्ट असते आणि तळाशी बसलेली धातूची बारीक पूड तशीच ठेवून सावकाश बाहेर येते. म्हणून आधी दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणावी. साताऱ्याहून कासच्या चढावर जाऊन परत आल्यानंतर लगेच बोल्ट उघडू नये. तेवढ्या चढ-उतारानंतर ऑईल हात भाजण्याइतके तापलेले असते आणि सायलेन्सर तर त्याहून अधिक. हौसिंगला हात लावून ठेवता येईल इतके ते निवू द्यावे.

*धोक्याची सूचना:* ऑटोमॅटिक गाडी “पी” मध्ये टाकली की ती हलणारच नाही, हा समज येथे जीवावर बेतू शकतो. “पी” मध्ये गिअरबॉक्सचा बाहेरचा शाफ्ट अडकवला जातो, चाके नव्हेत. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे एकच मागचे चाक जॅकवर उचलले, तर डिफरन्शियलमुळे ते हवेतले चाक उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक सुलटे. शाफ्ट जागेवर अडकलेला असूनही गाडी सरकते. दोन्ही मागची चाके उचलली, तर “पी” आणि मागच्या चाकांवर काम करणारा हँडब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात, कारण जमिनीवर टेकलेल्या पुढच्या चाकांना त्यांपैकी कोणीच धरत नाही. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅक लावू नये आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणत्याही परिस्थितीत शिरू नये.

फॉर्च्युनरसारख्या उंच गाडीखाली सपाट जमिनीवर, चाके न उचलताही हात पोहोचतो, आणि ते जमत असेल तर तोच सर्वांत चांगला मार्ग आहे. गाडी उचलावीच लागली, तर पुढची आणि मागची बाजू सारख्या उंचीवर घ्यावी. अखंड ॲक्सलच्या गाडीत मागच्या घोड्या (जॅक स्टँड) चॅसिसखाली न लावता ॲक्सलच्या दोन्ही नळ्यांखाली लावाव्यात. चॅसिस उचलली की ॲक्सल खाली लोंबकळते, हौसिंग थोडे तिरके होते आणि भरण्याच्या भोकाची पातळी बदलते. हौसिंगच्या फुगीर भागाखाली मात्र घोडी लावू नये. गाडीखाली लटकवलेली स्टेपनी आडवी येत असेल, तर ती आधीच उतरवून बाजूला ठेवावी.

टप्पा ५: भरण्याचा बोल्ट आधी उघडा

या लेखातील एकच सूचना लक्षात ठेवायची असेल, तर ती ही: निचऱ्याचा बोल्ट उघडण्यापूर्वी भरण्याचा बोल्ट उघडून पाहावा. वर्षानुवर्षे हात न लागलेला हा बोल्ट गंज आणि चिखल यांनी घट्ट धरलेला असतो. तो उघडला नाही, तर काम तेथेच थांबवता येते आणि जुन्या ऑईलवर गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. आधी निचरा करून बसलात आणि मग हा बोल्ट उघडला नाही, तर रिकाम्या हौसिंगची गाडी टेम्पोवर घालून न्यावी लागते.

बोल्टभोवतीची माती ताराच्या ब्रशने साफ करावी, नाहीतर बोल्ट निघताच ती आत पडते. ॲलन कीचा बोल्ट असेल, तर खाचेत बसलेली वाळलेली माती टोच्याने कोरून काढावी आणि की तळापर्यंत हलक्या हाताने ठोकून बसवावी. निम्मी बसलेली की खाच गोल करते. बोल्ट हलत नसेल, तर गंज सोडवणारे स्प्रे ऑईल मारून रात्रभर ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी प्रयत्न करावा. पाना घसरू लागला की पाइप लावून जोर करणे हा उपाय नव्हे. तेथे अनुभवी माणसाकडे जावे.

बोल्ट निघाल्यावर भोकात करंगळी घालून ऑईलची पातळी पाहावी. पातळी भोकाच्या खालच्या कडेला लागून असेल तर ठीक. ती बरीच खाली असेल, तर ऑईल कुठून तरी गळते आहे. पिनियनच्या शाफ्टजवळचे सील, हौसिंगचा जोड आणि मागच्या चाकांच्या आतील बाजू तपासाव्यात. भोक उघडताच ऑईल वाहू लागले, तर आधी कोणी तरी जास्त भरलेले आहे किंवा आत पाणी शिरले आहे.

*तपासणी:* बाहेर आलेला थेंब पांढऱ्या कागदावर टिपा. तो मधाच्या किंवा गडद तपकिरी रंगाचा आणि उग्र वासाचा असावा. लालसर असेल आणि तसा वासही नसेल, तर थांबा. तुम्ही चुकीचा बोल्ट उघडला आहे किंवा यापूर्वी कोणी तरी हौसिंगमध्ये एटीएफ घातले आहे. ज्या गाड्यांत फायनल ड्राइव्हचा कप्पा गिअरबॉक्सला लागून असतो, त्यांत दोन्हींच्या मधले सील गेल्यानेही असे होते, आणि मग नुसते ऑईल बदलून भागत नाही.

टप्पा ६: निचरा, आणि जुन्या ऑईलचे वाचन

भांडे खाली ठेवून निचऱ्याचा बोल्ट सैल करावा, शेवटचे आटे हाताने फिरवावेत आणि बोल्ट आतल्या बाजूस दाबत झटकन बाजूला घ्यावा. भरण्याचा बोल्ट उघडाच असल्याने हवा आत येते आणि ऑईल एकसारखे पडते. धार संपल्यावरही दहा-पंधरा मिनिटे थेंब पडू द्यावेत.

हा वेळ वाया घालवू नये. निचऱ्याच्या बोल्टच्या टोकाला बहुधा चुंबक असतो आणि त्यावर काळपट करड्या रंगाचा लेप जमलेला असतो. तो बोटावर घेऊन अंगठ्याने चोळून पाहावा. ग्रीससारखा मऊ लागला आणि कण टोचले नाहीत, तर ती दात्यांची नेहमीची झीज आहे, चिंता नाही. त्यात चमकणारे पातळ पापुद्रे दिसले, तर बेअरिंग खराब होऊ लागलेले असते. नखाएवढा किंवा तांदळाच्या दाण्याएवढा टोकदार तुकडा मिळाला, तर दात्याचा टवका उडालेला आहे आणि हौसिंग उघडल्याशिवाय ती गाडी घाटात नेऊ नये. नवे ऑईल घातल्यावर आवाज काही दिवस कमी होतो आणि मालकाला सारे ठीक झाल्यासारखे वाटते, म्हणून हे मुद्दाम सांगत आहे.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे पाणी. दूध घातलेल्या चहासारखे ऑईल बाहेर आले, तर आत पाणी शिरलेले आहे. कृष्णा-वारणेच्या काठच्या गावांत आणि सांगली-मिरजेच्या सखल भागांत हे विशेष पाहावे लागते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या, आणि त्यानंतर इंजिन ऑईल बदलण्याचे भान बहुतेकांनी ठेवले, तरी हौसिंगकडे पाहायचे राहून गेले. पाणी शिरण्यासाठी गाडी बुडण्याचीही गरज नसते. लांब पल्ला धावून तापलेली ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरली की आतली हवा एकदम आकसते, आत ओढ निर्माण होते आणि पाणी सीलमधून किंवा ब्रीदरमधून (ॲक्सलच्या हवा जाण्याच्या छिद्रातून) खेचले जाते. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी लागलेल्या गाडीचे हौसिंग ऑईल किलोमीटर न मोजता बदलावे.

पाणी निघाले असेल, तर एकदा बदलून भागत नाही. नवे ऑईल घालून शंभर-दोनशे किलोमीटर चालवावे, पुन्हा निचरा करून पाहावा आणि रंग स्वच्छ येईपर्यंत हे करावे. रॉकेल किंवा डिझेल घालून हौसिंग धुण्याची पद्धत मला मान्य नाही. ॲक्सलच्या नळ्यांत आणि बेअरिंगच्या कोपऱ्यांत ते राहून जाते आणि नवे ऑईल पातळ करते.

*चुकून गिअरबॉक्सचे एटीएफ सोडले गेले असेल तर:* इंजिन सुरू करू नका, गाडी ढकलून किंवा ओढून चाके फिरवत नेऊ नका. आजच्या बऱ्याच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना ऑईल मोजण्याची दांडीच नसते. त्यातली पातळी इंजिन चालू ठेवून, ऑईलचे तापमान ठराविक मर्यादेत असताना पाहावी लागते. हे काम योग्य यंत्रसामग्री असलेल्या ठिकाणीच करून घ्यावे.

टप्पा ७: ब्रीदर आणि बोल्ट

ॲक्सलच्या वरच्या बाजूला ब्रीदर नावाचे छोटे टोपण किंवा वर गेलेली बारीक नळी असते. ऑईल तापले की आतली हवा फुगते आणि येथून बाहेर पडते. उसाच्या पाणंदीतून जाणाऱ्या गाड्यांचा ब्रीदर काळ्या मातीने गच्च बुजलेला असतो. मग आतला दाब सीलमधून वाट काढतो आणि ऑईल मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते. सील बदलूनही पुन्हा पुन्हा गळत असेल, तर आधी ब्रीदर पाहावा. टोपण बोटाने हलवून मोकळे आहे ना, ते तपासावे. नळी काढून फुंकून पाहावी.

बोल्टचा चुंबक पुसून घ्यावा, आटे साफ करावेत आणि नवा वायसर घालून निचऱ्याचा बोल्ट आधी पूर्णपणे हाताने बसवावा. हाताने तीन-चार आटे सहज गेले नाहीत, तर तो तिरका लागलेला आहे; तसाच पान्याने आवळला तर हौसिंगचे आटे जातात. अखेरचे आवळणे टॉर्क रेंचनेच करावे. बऱ्याच हौसिंगसाठी हा आकडा ४० ते ५० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा. काही बोल्ट निमुळत्या आट्यांचे असतात. त्यांना वायसर नसतो, तर आट्यांना सीलंट लावायचे असते.

टप्पा ८: भरणे आणि पातळी

पंपाची नळी भरण्याच्या भोकात घालून ऑईल सावकाश चढवावे. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे, विशेषतः महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत, ऑईल घट्ट होते आणि पंप ओढत नाही. अशा वेळी बंद डबा कोमट पाण्याच्या बादलीत थोडा वेळ ठेवावा.

भोकाच्या खालच्या कडेवरून ऑईल बारीक धारेने बाहेर येऊ लागले की थांबावे. पण एवढ्यावर बोल्ट लावू नये. घट्ट ऑईलला ॲक्सलच्या नळ्यांपर्यंत आणि पिनियनच्या बेअरिंगपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा पाहिल्यास पातळी बऱ्याचदा थोडी उतरलेली असते. तेवढे पुन्हा भरावे, जास्तीचे वाहून जाऊ द्यावे आणि धार थांबून थेंब पडू लागल्यावर नव्या वायसरसह बोल्ट बसवावा. काही उत्पादक भोकाच्या कडेपासून काही मिलिमीटर खाली पातळी ठेवायला सांगतात. मॅन्युअलमध्ये तसे असेल, तर वाकवलेल्या तारेने मोजून पाहावे.

कमी ऑईल भरलेल्या गाडीचे दुखणे सपाट रस्त्यावर लवकर कळत नाही. फिरणारा क्राऊन आपल्याबरोबर ऑईल वर उडवतो आणि ते पुढे पिनियनच्या बेअरिंगपर्यंत जाते. वाईहून पसरणी घाट चढताना किंवा चिपळूणहून कुंभार्ली घाटाने वर येताना गाडीचे नाक वर होते, ऑईल हौसिंगच्या मागच्या भागात जमते आणि पुढचे पिनियन बेअरिंग कोरडे पडू लागते. नेमके तेव्हाच त्यावर सर्वांत जास्त भार असतो. जास्त भरल्याचे परिणामही कमी नाहीत: ऑईल घुसळून फेसाळते, तापते आणि सीलमधून बाहेर पडून ब्रेकवर येते. म्हणून डब्यातले किती लिटर गेले, हा आकडा फक्त ताळा करण्यासाठी वापरावा आणि निर्णय भोकाच्या कडेवरच घ्यावा. निघालेले आणि गेलेले ऑईल यांत मोठा फरक असेल, तर कारण शोधल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये.

टप्पा ९: चाचणी आणि पुढील तपासण्या

हौसिंग आणि बोल्टभोवतीचा भाग कापडाने पूर्ण कोरडा करावा, म्हणजे नवी गळती ओळखता येते. वीसेक किलोमीटर गाडी चालवून दोन्ही बोल्टखाली कोरडा कागद लावून पाहावा. ओल दिसली तर बोल्ट आणखी करकचून आवळू नये. वायसर नीट बसला आहे का, ते आधी तपासावे.

ताशी ६० ते ८० किलोमीटरच्या वेगात, खिडक्या बंद करून, मागून येणारा आवाज ऐकावा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारा आणि सोडल्यावर बदलणारा घूं असा आवाज दात्यांचा असतो. ॲक्सिलरेटरशी संबंध नसलेला, वळणावर कमी-जास्त होणारा आवाज बहुधा चाकाच्या बेअरिंगचा असतो. दोन्हींवर ऑईल हा उपाय नाही.

पुढच्या बदलाची मुदत मॅन्युअलप्रमाणे धरावी. सारखी घाटात चालणारी, भरून धावणारी किंवा पावसाळ्यात ओढ्या-पाणंदीतून जाणारी गाडी मॅन्युअलमधल्या “कठीण वापर” या गटात मोडते आणि तिला छोटी मुदत लागू होते. लग्नसराईत सात माणसे आणि टपावर सामान घेऊन महाबळेश्वर-कोकण करणारी भाड्याची इनोव्हा याच गटातली आहे, तिच्या मालकाला तसे वाटत नसले तरी. तारीख, किलोमीटर आणि ऑईलची प्रत सर्व्हिस बुकात लिहावी. पुढच्या मेकॅनिकला तीच माहिती सर्वांत आधी लागते.

निघालेल्या ऑईलचे काय करावे

जळके ऑईल गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासण्याची किंवा सेंट्रिंगच्या प्लेटांना लावण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. हौसिंगच्या ऑईलमध्ये गंधकाची द्रव्ये आणि धातूची पूड असते. ते गोठ्याजवळ किंवा विहिरीच्या आसपास नेऊ नये. वापरलेले ऑईल २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांत मोडते. ते पुन्हा त्याच डब्यात भरावे, पाणी, पेट्रोल किंवा ब्रेक ऑईल त्यात मिसळू नये, डब्यावर “जळके गिअर ऑईल” असे लिहावे आणि अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी ऑईल देणाऱ्या गॅरेजकडे किंवा सर्व्हिस सेंटरकडे सोपवावे. पाणी निघालेले ऑईल वेगळ्या डब्यात ठेवावे आणि देताना तसे सांगावे.